चारमिनारची अर्धी पट्टी

“खरंच आहे हो ते. फक्त एकदा बघून द्या.”

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो. मी मागच्या टेबलाशी पाठ अर्धी वळवून बसलेली असते. ते वाक्य कानावर पडलं की मला कळतं, याच्या मनात शंका आहे. ज्याला खरोखर खात्री असते तो आमच्याकडे येत नाही. तो तिकिटाला काचेची चौकट करून भिंतीवर लावतो आणि सुखात राहतो.

दुकान इक्बालचाचांचं. चंद्रपूरला, जटपुरा गेटाच्या आतल्या एका गल्लीत. पुढच्या भागात घड्याळदुरुस्ती, मागच्या भागात जुनी नाणी आणि जुनी टपाल तिकिटं. चाचा गिऱ्हाइकाशी बोलतात, मी तिकीट बघते. ही वाटणी कुणी ठरवली नाही, आपोआप होत गेली. मी भद्रावतीला आयुध निर्माणीच्या वसाहतीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, पुढे रसायनशास्त्र घेतलं, आणि अनोळखी माणसापुढे दोन वाक्यं बोलले की माझा साठा संपतो. तिकीट मला काही विचारत नाही. रोज सकाळी एसटीनं यायचं, दिवा लावायचा, भिंग डोळ्याशी धरायचं. एवढ्यावर माझं बरं चाललं आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा चाचा म्हणाले, “लिही बेटा, बिनधास्त लिही. फक्त भाव नको लिहू.” म्हणून भाव लिहिलेले नाहीत.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं गूढ नाही. तिकीट म्हणजे शेवटी कागद, शाई, डिंक आणि कडेचे दाते. खोटं करणारा यातल्या दोन गोष्टी छान जमवतो, तिसरी बरी जमवतो आणि चौथ्या गोष्टीचा त्याला कंटाळा येतो. आम्हाला तो कंटाळा शोधायचा असतो. जुन्या काळी पुष्कळ तिकिटं कोरलेल्या पत्र्यावरून छापत. त्यांची शाई कागदावर किंचित उभी राहते. तिकीट तिरप्या उजेडात धरलं तर नांगरलेल्या शेतासारख्या ओळी दिसतात. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या तिकिटात भिंगाखाली नुसते ठिपके दिसतात, रांगोळी सांडल्यासारखे. एखादं तिकीट अस्सल असतं, पण त्याच्यावरचा शिक्का नंतर मारलेला असतो. एखाद्याचा फाटलेला कोपरा दुसऱ्या तिकिटाच्या कागदानं जोडलेला असतो. अशा वेळी काय सांगावं? तिकीट खरं, पण बोलतं खोटं. चाचा अशाला “सुधरवलेला” म्हणतात, दारू सोडलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

एकदा एक गृहस्थ इंग्रजांच्या काळातलं, राणीचं डोकं उलटं छापलेलं ते प्रसिद्ध तिकीट घेऊन आले. निदान ते तसं म्हणत होते. भिंगाखाली डोक्याभोवती ब्लेडनं कापल्याची गोल रेघ स्वच्छ दिसत होती. कुणीतरी साध्या तिकिटातलं डोकं कापून, फिरवून परत चिकटवलं होतं. मी चाचांना दाखवलं, चाचांनी त्यांना दाखवलं. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पण उलटं तर आहे ना?”

चाचा म्हणाले, “साहेब, उलटं तर एकदम बराबर आहे.”

कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी मोबाइलवरच्या कुठल्या तरी गटातून वर्षभर एक एक तिकीट मागवून अख्खा अल्बम भरला होता. चाचांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अरे बाबा, शाई तरी वाळू द्यायची होती!” मग ते एकदम गप्प झाले, कारण काकांचा चेहरा त्यांनी पाहिला. एकही तिकीट खरं नव्हतं. काकांनी अल्बम मिटला, परत उघडला आणि मला विचारलं, “मग यातलं सुंदर कोणतं आहे ते तरी सांग.” मी एक मोर दाखवला. ते तो मोर तेवढा वेगळा काढून खिशात घालून गेले, अल्बम आमच्याकडेच राहिला.

तर बहुतेक दिवस हे असे जातात. वाईट बातमी देणं हाच आमचा धंदा आहे, असं मला पुष्कळदा वाटतं. ती बातमी मी स्वतः देत नाही, चाचा देतात, एवढीच माझी सोय.

सुलोचनाबाई आल्या त्या दिवशी मात्र तसं झालं नाही.

उन्हाळा होता, दुपार होती, चाचा आतल्या बाजूला डबा खात होते. दारात पांढऱ्या सुती साडीतल्या एक वयस्क बाई उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत चहापत्तीचा जुना पत्र्याचा डबा.

“जयभीम,” त्या म्हणाल्या. “राजुऱ्याहून आली मी. शाळेत मास्तरीण होती. तिकिटं पाहते ते इथीच ना?”

मी मान डोलावली आणि स्टूल पुढे केलं. त्यांनी ते नेहमीचं वाक्य उच्चारलं नाही. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “हे खरे आहे का खोटे आहे, मले माहीत नाई. म्हणूनच आणले.”

डब्यात जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली तिकिटांची एक पट्टी होती. तपकिरी, एक आण्याची, चारमिनारचं चित्र असलेली. निजामाच्या संस्थानाची. एकही तिकीट वापरलेलं नाही. पट्टीची एक बाजू सरळ होती, दुसरी कुणीतरी घाईनं फाडल्यासारखी वेडीवाकडी.

इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावं लागतं: राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. वर्धा नदीच्या अलीकडे इंग्रजांचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, पलीकडे निजाम. तिकडची तिकिटं वेगळी, ती तिकडच्या राज्यापुरतीच चालत.

“बाबा पोस्टमन होते आमचे,” बाई सांगू लागल्या. त्यांचा आवाज वर्गात धडा समजावून सांगावा तसा शांत होता. “निजामाच्या टपालात. खेड्यापाड्यात पायी फिरत. पत्र वाटत, अन् कोणाले पत्र टाकायचं असन तर झोळीतून तिकीट विकत. मंग ते राज्य गेलं. सगळ्यायले इंडियाच्या पोस्टात घेणार होते. तपासणीले एक साहेब आला. बाबाच्या झोळीतले तिकिटं त्यानं पाह्यले अन् म्हणे, हे नकली आहे. तू खेड्यातल्या अडाणी लोकायले नकली तिकीट विकून राह्यला. अर्धी पट्टी फाडून घेऊन गेला. अर्धी अंगणात फेकली. आईनं उचलून ठेवली.”

“मग?” हा प्रश्न मी विचारला, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

“मंग काय. बाकीचे सगळे लागले, बाबाले नाई घेतलं. बांबूच्या कटाईवर गेले जंगलात, ठेकेदाराकडं. मी तेव्हा मांडीवर होती आईच्या. दादा माह्या आठ वर्षाचा, त्यानं सगळं डोळ्यानं पाह्यलं. शाळेत आम्हाले नकल्याचे पोरं म्हणत. मी मास्तरीण झाली तरी तेच. पोरायले सांगो, खोटं बोलू नका. अन् वाटे, मागच्या बाकावरून आता कोणीतरी हसन.”

चाचा तोपर्यंत डबा संपवून, हात पुसत माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं होतं सगळं.

“बाई,” ते हळू म्हणाले, “अन् खोटं निघालं तर?”

“तर दादा बरोबर होता,” बाई म्हणाल्या. “तो बाबाचं नाव घेत नाई. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं झाले असन. मी म्हणते बाबा असा नव्हता, तो म्हणतो तुले काय माहीत, तू मांडीवर होती. आता तो अहेरीले असते पोराकडं. पंच्याऐंशीच्या घरात आहे. तो जायच्या आधी काय ते एकदा होऊन जाऊ दे. मले दोन्ही चालते.”

दोन्ही चालत नव्हतं, हे त्यांच्या हातांवरून दिसत होतं. साडीच्या पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

आमची पहिली तपासणी दिव्याची. काळं कापड लावलेली एक पेटी आहे, तिच्यात अतिनील किरणांचा दिवा बसवलेला आहे. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी एक द्रव्य घालतात. ते या दिव्याखाली निळसर पांढरं चमकतं, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात पांढरे सदरे चमकतात तसं. जुना कागद मंद, मळकट राहतो. त्यामुळे निजामाच्या काळातलं म्हणून आणलेलं तिकीट दिव्याखाली लखलखलं, की पुढे बघायची सहसा गरज पडत नाही.

मी चिमट्यानं पट्टी उचलून पेटीत ठेवली आणि दिवा लावला.

पट्टी चमकली.

“गया,” चाचा माझ्या खांद्यामागून म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण दुकान लहान आहे.

“काऊन?” बाईंनी विचारलं. “काय दिसलं?”

डोळे वर करायला नकोत म्हणून मी पेटीतच बघत राहिले. आणि बघत राहिले म्हणून दिसलं. सगळी पट्टी चमकत नव्हती. ठिपके ठिपके होते. घडीच्या रेषेत जास्त, मधल्या तिकिटांवर जवळजवळ नाहीच. आणि रंग निळसर पांढरा नव्हता. पिवळा होता, हिरव्याकडे झुकणारा. मी पट्टी उलटी केली, मागच्या डिंकावरही तसेच ठिपके. मग ती धोतराची चिंधी आत धरली. चिंधी तर काजव्यांनी भरल्यासारखी दिसली.

“बाई, या डब्यात हळद होती का?”

“हळद?” त्या थांबल्या. “असन. आई टाके सगळ्यात. तांदळात, कपड्यात, कागदात. कसर लागू नाई म्हणून. काऊन गं?”

“चाचा, हात आत घाला.”

“क्या?”

“हात. पेटीत.”

चाचांनी नुकताच वरण-भात खाल्ला होता. हात धुतला होता, पण हळद नखांच्या कडेला बसते ती सहजी जात नाही. त्यांनी हात आत घातला आणि नखं पेटली. तोच पिवळा, तोच हिरवट.

“या अल्ला!” चाचा म्हणाले. “म्हणजे मी पण नकली?”

बाई हसल्या नाहीत. त्या पेटीत वाकून चाचांच्या नखांकडे बघत होत्या, मग चिंधीकडे, मग परत नखांकडे. “आईची हळद आहे ही,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षाची.”

मला तेव्हाच मोकळं वाटायला लागलं होतं, पण या कामात लवकर मोकळं वाटणं धोक्याचं. हळदीमुळे फक्त एक आरोप गेला होता. तिकिटं खरी आहेत, हे अजून कुठे ठरलं होतं?

मी भिंग घेतलं. तिरप्या उजेडात शाईच्या ओळी उभ्या होत्या, चारमिनारची एक एक कमान बोटाला लागेल अशी. मग काळ्या ताटलीत पट्टीची कड उपडी ठेवून वर बेंझिनचे थेंब सोडले. कागद बनवतानाच त्याच्यात दाबलेली खूण बेंझिननं क्षणभर उमटते आणि ते उडून गेलं की परत लपते. डिंकाला त्यानं काही होत नाही. खूण उमटली. उर्दू अक्षराचं वळण होतं. मला उर्दू येत नाही. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

“कागद घरचाच आहे,” ते म्हणाले. म्हणजे निजामाचा.

राहिले दाते. तिकिटाच्या कडेची भोकं किती दाट आहेत ते बघायची एक मोजपट्टी असते. मी ती बाईंच्या तिकिटांना लावली. माझ्याजवळच्या चारमिनारच्या तिकिटाला लावली. दोन्ही जुळेनात. परत लावली. बाईंच्या पट्टीचे दाते वेगळे होते. थोडेच, पण वेगळे.

मी मान खाली घालून मोजपट्टी पुसत बसले. पण बाईंनी आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचले होते.

“दाते जुळत नाई ना?” त्या म्हणाल्या. “साहेबानंही तेच म्हणलं होतं. दादा सांगे. साहेबानं स्वतःजवळचं तिकीट काढलं, बाबाच्या तिकिटाले लावलं, अन् म्हणे, पाहा, दाते जुळत नाई.”

त्या स्टुलावर जरा मागे सरकल्या. प्रवास संपला की माणूस बसतं, तशा.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एकच तिकीट पुष्कळ वर्षं छापलं जातं. चित्र तेच, पत्रा तोच, पण मध्येच भोकं पाडायचं यंत्र मोडतं किंवा बदलतं. मग पुढच्या खेपेचे दाते वेगळे येतात. दोन्ही तिकिटं खरीच. ज्याच्याजवळ एकाच खेपेचं तिकीट आहे त्याला दुसऱ्या खेपेचं खोटं वाटतं. मी त्या साहेबाला दोष देऊ शकत नाही. त्याच्याजवळ तुलनेला एकच तिकीट होतं. आणि त्या घटकेला माझ्याजवळही एकच होतं.

“चाचा, अब्बांची पाकिटं,” मी म्हणाले.

चाचांचे वडील राजुऱ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांना संस्थानभरातून पत्रं येत, आणि चाचांनी ती पाकिटं एका पेटीत जपून ठेवली आहेत. विकायची नाहीत म्हणून ती कधी टेबलावर येत नाहीत. चाचांनी पेटी आणली. चारमिनारची पाकिटं वेगळी काढून आम्ही एकेक बघू लागलो. चाचा वर धरत, मी मोजत. “नाही.” “नाही.” “हेही नाही.” बाई आमच्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

मग एक पाकीट आलं, त्याच्या तिकिटाला मोजपट्टी लावली, आणि प्रत्येक भोक रेषेवर बसलं. मी परत लावली. मग बाईंची पट्टी शेजारी ठेवली. दात्याला दाता. तिकिटावर टपालाचा शिक्का होता, अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर गेलेला. तो नंतर जोडता येत नाही. हे तिकीट संस्थानाच्या टपालातून खरोखर प्रवास करून चाचांच्या अब्बांच्या हातात पडलं होतं.

मी चाचांकडे बघितलं. नेहमीप्रमाणे आता ते बोलतील, म्हणून. चाचांनी मान हलवली. “तू सांग.”

“चाचा…”

“नाई बेटा. हे तू शोधलं. तूच सांग.”

मी खुर्ची वळवली. गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसायची मला सवय नाही, हात कुठे ठेवावेत ते कळेना.

“बाई, खरी आहेत.”

“सगळी?”

“सगळी. कागद, शाई, डिंक, दाते. सगळं निजामाच्या छापखान्यातलं. साहेबाचं तिकीट वेगळ्या खेपेचं असेल, म्हणून दाते जुळले नाहीत. तुमच्या बाबांनी टपालात जे मिळालं तेच विकलं.”

त्यांनी पट्टीच्या फाटलेल्या कडेवरून हात फिरवला नाही, रडल्याही नाहीत. नुसता एक श्वास सोडला, तो बराच लांबला. मग म्हणाल्या, “कोणाले सांगू आता? म्हणणारे सगळे मरून गेले.”

हीच माझी या कामाबद्दलची खंत. तिकीट शेवटी खरं ठरतं, पण ते ठरायची वाट माणूस बघू शकत नाही.

चाचा म्हणाले, “दादा आहे ना तुमचे?”

बाईंनी पिशवीतून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला आणि स्पीकर सुरू केला. घंटा पुष्कळ वाजली.

“हां, बोल सुलू.” आवाज खरखरीत होता.

“दादा, मी चंद्रपूरले आहे. तिकिटाच्या दुकानात. आईचा डबा घेऊन आली.”

बाईंनी फोन तोंडाच्या आणखी जवळ आणला.

“खरे आहे दादा. सगळे खरे आहे. पोरीनं मशीन लावून पाह्यलं. साहेबाजवळ एका खेपेचं तिकीट होतं, बाबाजवळ दुसऱ्या खेपेचं. म्हणून दाते नाई जुळले. दोन्ही खरे.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“कोण पाह्यलं? कोण आहे ती?”

बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. मी म्हणाले, “आजोबा, पक्कं आहे.” एवढंच. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

मग म्हातारा म्हणाला, “सुलू, बाबाचा एक फोटू आहे माह्याजवळ. टपालाच्या पट्ट्यातला.”

बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. “फोटू? तू तर जाळला म्हणे! आई मरेपर्यंत त्या फोटूसाठी रडली!”

“नाई जाळला.”

“मंग ठेवला काऊन? अन् सांगतलं काऊन नाई?”

“लावाची हिंमत नाई झाली,” तो म्हणाला. “जाळाची बी नाई झाली. पेटीत होता.” मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून त्याचं बोलणं, घरातल्या कुणाला तरी उद्देशून, “हातोडा कुठी आहे? अन् एक खिळा दे. मोठा.”

“दादा, पडशील! पोराले सांग ना!” बाई फोनवर ओरडल्या. “खुर्चीवर चढू नको म्हणते ना मी!”

त्यानं ऐकलं नाही. दुकानात आम्ही तिघं फोनकडे बघत उभे राहिलो, आणि अहेरीहून ठोकण्याचा आवाज येत राहिला.